पहिल्या सहलीची वही: सायकल क्लब, आठवणी आणि परभणीचे रस्ते



आजचा विषय आहे सायकल क्लबांच्या सुरुवातीच्या वार्षिक सहली. ऐकून काहींना वाटलं असेल, यात इतिहास तो कसला? चार मित्र सायकली काढतात, कुठंतरी जाऊन येतात, फोटो काढतात, झालं. पण कुठल्याही सायकल क्लबातल्या जुन्या सभासदाला बोलतं करून बघा. तो तुम्हाला पहिल्या दोन-चार सहलींबद्दलच सांगेल. बाराव्या किंवा विसाव्या सहलीबद्दल सहसा कोणी बोलत नाही. पहिल्या सहलीत कोणाची चेन तुटली, कोणत्या गावात रात्री उशिरा पिठलं-भाकरी मिळाली, कोण अर्ध्या वाटेतून एसटीच्या टपावर सायकल टाकून घरी परतला, हे सगळं त्याला पाठ असतं.

असं का होतं? तरुणपण सगळ्यांनाच गोड वाटतं, हे एक कारण आहेच. पण मला त्याहून मोठं कारण वेगळं वाटतं. पहिल्या सहलीत काहीच ठरलेलं नसतं. कुठं थांबायचं, कोण पुढं राहणार, कोण मागं, पंक्चर झालं तर काय, बाईमाणसं येणार का, खर्च कसा वाटायचा, हे प्रत्येक वेळी रस्त्यावरच ठरवावं लागतं. दहाव्या सहलीला मागून सामानाचा टेम्पो असतो, मंगल कार्यालय आधीच ठरलेलं असतं, टी-शर्ट छापून आलेले असतात. सोय वाढते आणि आठवण पातळ होते. म्हणजे जुने सभासद ज्या आठवणी काढतात, त्या खरं तर एक व्यवस्था तयार होत असतानाच्या आठवणी असतात. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या म्हणूनच हव्या असतात.

आज मी तीन ठिकाणी जाणार आहे. आधी इंग्लंड, कारण क्लबाची वार्षिक सहल ही पद्धत तिथं रुजली. मग मुंबई. आणि शेवटी आपली परभणी, जिथं सायकली भरपूर होत्या, लांबचे प्रवासही होते, पण क्लबाची वही नव्हती. ती वही नसल्यानं आपलं काय जातंय, हे मला आज सांगायचं आहे.

हॅरोगेटचा मेळा

५ ऑगस्ट १८७८ रोजी इंग्लंडमधल्या हॅरोगेट गावात सायकलस्वारांचा मेळा भरला होता. स्टॅनली कॉटेरेल या तरुणाच्या पुढाकारानं तिथं 'बायसिकल टूरिंग क्लब' स्थापन झाला. पुढं १८८३ मध्ये तीन चाकी चालवणाऱ्यांनाही नावात सामावून घ्यायचं म्हणून तो 'सायकलिस्ट्स टूरिंग क्लब' झाला.

तेव्हाची सायकल कशी होती, हे डोळ्यांपुढं आणा. पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच, मागचं चाक ताटाएवढं. रबर भरीव, आत हवा नाही. आज आपण चालवतो त्या घडणीची, दोन सारखी चाकं आणि चेन असलेली सायकल बाजारात आली ती १८८५ मध्ये, जॉन केम्प स्टार्ली यांच्या 'रोव्हर'मुळं. हवेचं टायर डनलॉपनं आणलं १८८८ मध्ये. म्हणजे हे पहिले लोक उंच चाकावर बसून, खडबडीत रस्त्यावर, भरीव रबरावर दिवसचे दिवस फिरत होते. उतारावर चाक दगडाला अडलं की स्वार डोक्यावर पडायचा.

त्या काळच्या क्लबांत एक कप्तान असे, एक उपकप्तान असे आणि एक बिगुल वाजवणारा असे. बिगुलाच्या सुरावरून मागच्यांना कळायचं, थांबा, उतरा, पुन्हा चढा. आता हे ऐकून तुम्हाला कशाची आठवण आली? मला तर दिंडीतल्या चोपदाराची आली. चोपदारानं काठी उंचावली की दिंडी गप्प होते, पुन्हा इशारा झाला की चालू लागते. त्या विषयाकडं मी नंतर येतोच.

या टूरिंग क्लबानं पुढच्या वीसेक वर्षांत काय केलं, ते ऐका. गावोगावी आपला एक माणूस नेमला, त्याला ते 'कॉन्सल' म्हणत. परगावचा सभासद आला की त्यानं रस्ता सांगायचा, दुरुस्तीवाला दाखवायचा. खानावळींशी आणि हॉटेलांशी दर ठरवले आणि त्या जागांवर पंख असलेल्या चाकाची पाटी लावली. धोक्याच्या उतारांवर सूचनेचे फलक उभे केले. १८८६ मध्ये दुसऱ्या एका सायकल संघटनेबरोबर रस्ते सुधारणेसाठी स्वतंत्र संस्था काढली. मोटारगाड्या अजून रस्त्यावर यायच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट आहे. आज घाटात आपल्याला 'तीव्र उतार' असा फलक दिसतो, त्याच्या पूर्वजांमध्ये या सायकलवाल्यांचे फलक आहेत. १८९९ पर्यंत क्लबाची सभासदसंख्या साठ हजारांवर गेली.

इटलीतही असंच झालं. १८९४ मध्ये मिलानमध्ये ५७ सायकलस्वारांनी टूरिंग क्लब काढला. पुढं त्याच संस्थेनं अख्ख्या देशाचे रस्त्यांचे नकाशे छापले. सहलीला निघालेल्या माणसाला नकाशा लागतो, तो मिळाला नाही म्हणून त्यानं केला. आणि मग तो सगळ्यांच्या उपयोगी पडला.

पन्नास वर्षांनी लिहिलेली आठवण

आता दुसरा क्लब बघू. १८९४ च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅममध्ये सहा तरुण एकत्र आले. समाजवादी विचारांचे होते, रॉबर्ट ब्लॅचफोर्ड यांचं 'क्लॅरियन' हे साप्ताहिक वाचायचे. त्यांनी त्याच नावाचा सायकल क्लब काढला. त्याच वर्षी ईस्टरच्या सुट्टीत त्यांची पहिली सहल निघाली. पुढच्या वर्षी, म्हणजे १८९५ च्या ईस्टरला, डर्बीशायरमधल्या अॅशबोर्न गावी निरनिराळ्या गावांच्या क्लॅरियन मंडळींचा पहिला वार्षिक मेळा भरला. ही प्रथा पुढं टिकली.

ही कामगार वर्गाची मंडळी. आठवडाभर काम आणि वर्षातून मोजक्या सुट्ट्या. सायकलच्या पिशवीत जेवणाबरोबर साप्ताहिकाचे अंक आणि पत्रकं असायची. गावात थांबलं की वाटायची, चौकात भाषण करायचं. रस्त्यात दोन क्लॅरियनवाले भेटले की एकानं 'बूट्स' म्हणायचं, दुसऱ्यानं 'स्पर्स' म्हणून उत्तर द्यायचं. आपल्याकडं 'रामकृष्ण हरी'ला 'रामकृष्ण हरी' मिळतं, तसंच ते.

क्लबाच्या संस्थापकांपैकी टॉम ग्रूम यांनी १९४४ मध्ये, सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, क्लबाची पन्नास वर्षांची हकीकत लिहिली. दुसरं महायुद्ध चालू होतं. अशा वेळी हा माणूस आपल्या तरुणपणीच्या सहलींबद्दल लिहीत होता. आज आपण क्लॅरियनच्या पहिल्या सहलींबद्दल बोलू शकतो, ते बऱ्याच अंशी अशा लिहिण्यामुळं. सहा पोरं सायकली घेऊन फिरायला गेली, ही घटना म्हणून फार मोठी नाही. लिहिली गेली म्हणून ती इतिहासात आली.

आठवण काय गाळते

पण इथं एक सावधगिरी. गोड आठवण ही चाळणीसारखी असते. आपल्याला बरं वाटतं ते वर राहतं आणि अडचणीचं खाली गळून जातं. दोन उदाहरणं देतो.

टूरिंग क्लबानं १८८० मध्येच पहिली स्त्री सभासद करून घेतली. त्या काळाच्या मानानं मोठी गोष्ट. पण सभासदत्व मिळालं म्हणून रस्ता मोकळा झाला असं नाही. ऑक्टोबर १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन या बाई सरे परगण्यातल्या ऑकहॅम गावी 'हॉटबॉय' नावाच्या हॉटेलात सायकलवरून आल्या. लांब घागऱ्याऐवजी त्यांनी सैल विजारीसारखा पोशाख घातला होता, सायकल चालवायला सोपा. मालकिणीनं त्यांना नेहमीच्या दालनात बसू दिलं नाही, दारूच्या गुत्त्याकडची खोली दाखवली. क्लबानं त्यांच्या बाजूनं १८९९ मध्ये खटला लढवला आणि क्लब हरला. दुसऱ्या खोलीत बसायला सांगितलं म्हणजे सेवा नाकारली असं होत नाही, असं ठरलं. त्या काळच्या सहलींच्या आठवणी पुरुषांनी लिहिल्या असतील, तर त्यात हॉटेलातला गरम चहा येईल. तो चहा कोणाला कुठल्या खोलीत मिळाला, हे येईलच असं नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. १८८० मध्ये स्थापन झालेल्या 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन'नं चांगल्या रस्त्यांसाठी मोठी चळवळ केली. त्याच संस्थेनं १८९४ मध्ये कृष्णवर्णीयांना सभासदत्व बंद केलं. तो कलंक संस्थेनं अधिकृतपणे पुसला तो थेट १९९९ मध्ये. रस्ता सगळ्यांसाठी मागायचा आणि सहलीला मात्र निवडक माणसं न्यायची, हे एकाच संस्थेत एकाच वेळी घडत होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की आठवणी जरूर ऐकाव्यात, पण ऐकताना विचारावं: बरोबर कोण नव्हतं? का नव्हतं?

एका व्याख्यानातून निघालेली सायकल

आता आपल्याकडं येऊ. मुंबईत १९२० मध्ये ओव्हल मैदानावर एक जाहीर व्याख्यान झालं. युरोपातून भारतापर्यंत पायी चालत आलेला एक फ्रेंच माणूस बोलत होता. ऐकणाऱ्यांत मुंबईचे काही पारशी तरुण होते, बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबातले. व्याख्यानांना येऊन काय मिळतं, असं कोणी तुम्हाला विचारलं तर ही गोष्ट सांगा. त्या व्याख्यानातून या मंडळींच्या डोक्यात आलं की आपण सायकलवरून जगाची फेरी करावी.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण मुंबईतून निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, केकी पोचखानावाला, गुस्ताद हाथीराम आणि नरिमन कपाडिया. इराण, इराक, सीरिया, सिनाईचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, इंडोचीन, सयाम, ब्रह्मदेश असा प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईला परतले. निघाले सहा, पूर्ण फेरी करून आले तिघे: हकीम, बापासोला आणि भूमगरा. अंतर ४४,००० मैल, म्हणजे सत्तर हजार किलोमीटर. वेळ साडेचार वर्षांच्या आसपास. १९३१ मध्ये त्यांनी या प्रवासाचं इंग्रजी पुस्तक काढलं, त्याला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची आहे.

त्यांच्यामागून १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर एकटे निघाले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव स्टाव्यानिक हा ऑस्ट्रियन साथीदार मिळाला. दोघांनी सहारा ओलांडला, दक्षिण अमेरिकेत अॅमेझॉनच्या जंगलात शिरले आणि १९३१ मध्ये प्रवास संपवला. मग १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले, ते १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, परतले.

दहा वर्षांच्या आत एकाच शहरातून, एकाच छोट्या समाजातून तीन मोहिमा. हे धाडस होतं, यात शंका नाही. पण परिस्थितीही पाहायला हवी. मुंबई बंदर, म्हणजे विलायती सायकल आणि तिचे सुटे भाग हाताशी. व्यायामशाळांची आणि क्लबांची परंपरा. इंग्रजी येत होतं. परदेशातल्या पारशी व्यापाऱ्यांची ओळख उपयोगी पडणारी. आणि या तिन्ही मोहिमांनी पुस्तकं लिहिली. तरीही मधली कित्येक दशकं ही माणसं विस्मरणात गेली होती. गेल्या काही वर्षांत त्यांच्यावर पुन्हा लेख आले, प्रदर्शनं झाली, कारण पुस्तकं शिल्लक होती. लिहूनही जर असं विसरलं जातं, तर न लिहिलेल्याचं काय होत असेल?

परभणीत क्लब का नव्हता

हा प्रश्न आता परभणीला लावून बघू. ज्या वर्षी मुंबईचे सहा जण निघाले, त्या १९२३ मध्ये परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज रेल्वे १९०० च्या सुमारास झाली, तिच्यामुळं परभणी, सेलू, मानवत रोड, पूर्णा ही ठाणी जगाला जोडली गेली. पण स्टेशनातून बाहेर पडलं की गाडीवाट. संस्थानाचं चलन वेगळं, हाली रुपया. ब्रिटिश हद्दीतून माल आणायचा तर करोडगिरीचा नाका. संस्थानानं प्रवासी बससेवा सुरू केली १९३२ मध्ये, अख्ख्या संस्थानासाठी २७ बसगाड्या घेऊन. अशा ठिकाणी सायकल ही मौज म्हणून येत नाही. ती येते नोकरदाराची, पोस्टमनची, शिक्षकाची, दुकानदाराची गरज म्हणून.

त्यात आपली माती. बाहेरच्या माणसाला वाटतं, परभणी सपाट, सायकलला उत्तम. पावसाळ्यात येऊन बघावं. काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, थरावर थर चढतो, मडगार्ड आणि टायरच्या मधे घट्ट बसतो आणि चाक फिरायचंच बंद होतं. मग काडीनं माती काढायची, दहा पावलं जायचं, पुन्हा काढायची. शेवटी सायकल खांद्यावर. उन्हाळ्यात रस्ता कोरडा, पण बाभळीचे काटे आणि मे महिन्याचं ऊन. हिवाळा चांगला, पण परभणीची थंडी दरवर्षी बातम्यांत असते, हे तुम्हाला माहीत आहेच.

तरी माणसं सायकलनं जात होती. तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, तासावर भाड्यानं सायकल मिळायची. दुकानदार वहीत नाव, सायकलचा नंबर आणि वेळ लिहायचा. पोरं दांडीखालून पाय घालून शिकायची. नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला की शिपाई अडवायचा, डबलसीट दिसला की दंड. आणि खेड्यात बदली झालेला मास्तर सोमवारी पहाटे परभणीहून निघून वीस-पंचवीस किलोमीटर सायकल मारून शाळेत पोचायचा, शनिवारी दुपारी परत. तलाठी, ग्रामसेवक, पोस्टमन, दूधवाला, कापडाचं गाठोडं कॅरिअरला बांधून बाजार करणारा फेरीवाला. यांच्या वर्षभराच्या फेऱ्यांची बेरीज केली तर ती हजारो किलोमीटर होईल.

पण त्यांनी ती सहल म्हणून केली नाही. त्यामुळं तिला पहिली, दुसरी असे क्रमांक पडले नाहीत. अहवाल झाला नाही, गटाचा फोटो निघाला नाही. क्लब नव्हता याचा अर्थ सायकलचा इतिहास नव्हता, असा मात्र होत नाही.

आपली वार्षिक सहल आधीपासून होती

मघाशी चोपदाराचा विषय सोडला होता, तो आता घेतो. वर्षातून एकदा, ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या वाटेनं, गटानं प्रवास करायचा, ही कल्पना मराठवाड्याला हॅरोगेटकडून शिकायची गरज नव्हती. गंगाखेड संत जनाबाईंचं गाव. नर्सी संत नामदेवांची, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातली. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाला. दरवर्षी शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणीहून दैठणा, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत पुढं धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा या वाटेनं पंढरपूरला जाते.

इंग्लंडच्या क्लबानं काय काय उभं केलं ते आठवा आणि दिंडीशी ताडून बघा. मुक्कामाची गावं ठरलेली. त्या गावात कोणाकडं पंगत, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. म्हणजे कॉन्सल आलाच. पुढं झेंडेकरी, मधे वीणेकरी, शिस्तीला चोपदार. नवख्या माणसाला कोणाच्या मागं चालायचं ते सांगितलं जातं. फरक एवढाच, की क्लबाच्या खानावळीचे दर ठरलेले होते आणि दिंडीत अन्नदान असतं.

म्हणूनच महाराष्ट्रातल्या अलीकडच्या सायकल क्लबांची वार्षिक सहल कुठं जाते, ते बघा. नाशिकचे सायकलस्वार दरवर्षी आषाढीच्या आधी तीनशेहून अधिक किलोमीटर सायकल चालवत पंढरपूरला जातात आणि तिला सरळ सायकल वारी म्हणतात. इतर गावांतूनही अशा वाऱ्या निघू लागल्या आहेत. विलायती क्लब आणि देशी दिंडी यांची इथं सोयरीक झाली आहे, आणि मला ती फार शोभून दिसते.

रस्ता कोणी केला

आणखी एक गोष्ट सहलीच्या आठवणीत येत नाही, ती म्हणजे पायाखालचा रस्ता. इंग्लंडमध्ये चांगल्या रस्त्यांची मागणी सायकल क्लबांनी लावून धरली, हे आपण पाहिलं. आपल्याकडं तसं झालं नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली लाखो माणसं सरकारी कामांवर गेली. बायाबापड्यांनी उन्हात बसून खडी फोडली, मातीची टोपली वाहिली. त्यातून बंधारे झाले, पाझर तलाव झाले आणि खेड्यांचे कितीतरी रस्ते झाले. पुढं रोजगार हमीतून हेच चालू राहिलं. आज आपण गिअरची सायकल घेऊन सकाळी ज्या आडवाटेच्या डांबरी रस्त्यावरून मजेत जातो, त्याच्या खालची खडी कदाचित कोणा आजीनं फोडलेली असेल. त्या आजीनं सायकल कधी चालवली नसेल. पण सायकलच्या इतिहासात तिचं नाव आलं पाहिजे, असं मला वाटतं.

आणि तिची नात? मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. गावात आठवीपुढं शाळा नाही म्हणून रोज सकाळी घोळक्यानं शेजारच्या गावी जाणाऱ्या मुली तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचाही तो एक क्लबच आहे. पुढं कोण, मागं कोण, पंक्चर झाली तर कोण कोणाला डबलसीट घेणार, हे सगळं त्यांच्यात ठरलेलं असतं. लेडी हार्बर्टनला ज्या दालनात बसू दिलं नाही, तिथंपर्यंत जायचा रस्ता या मुली रोज कापतात.

मग परभणीची सहल कशी असावी

आता गावोगावी सायकल गट झाले आहेत, आपल्याकडंही सकाळी हेल्मेट घातलेली मंडळी दिसतात. त्यांना माझी सूचना आहे. वार्षिक सहल लांबच काढली पाहिजे असं नाही. हिवाळ्यात दोन दिवस काढा. परभणीहून जिंतूर चाळीसेक किलोमीटर. जवळच नेमगिरीची जैन लेणी, तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती बघा. पुढं चारठाण्याला यादवकालीन मंदिरं आणि दगडी स्तंभ. येताना पूर्णा नदीवरचं येलदरी धरण. दुसऱ्या वर्षी गोदाकाठ घ्या: गंगाखेड आणि धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर. तिसऱ्या वर्षी पाथरी, जिथं साईबाबांचा जन्म झाला अशी श्रद्धा आहे.

पण जाताना एक शंभर पानी वही न्या. तीत किलोमीटर लिहाच, पण ते तर यंत्रही लिहितं. यंत्र लिहीत नाही ते लिहा. कोणत्या गावात पाणी कोणी दिलं. पंक्चर काढणारा किती वर्षं त्या झाडाखाली बसतो आणि त्याच्या आधी तिथं कोण बसायचा. रस्ता कधी झाला, त्याआधी पावसाळ्यात माणसं कशी जायची. बरोबर कोण आलं नाही आणि का. गावातल्या एका निवृत्त मास्तरांना, पोस्टमनला, तलाठ्याला विचारा: तुम्ही पहिली सायकल कधी घेतली, कितीला घेतली, कुठवर गेलात? ही माणसं आज ऐंशीच्या पुढं आहेत. पुस्तकं पुन्हा छापता येतात. ही माणसं गेली की त्यांची सहल कायमची गेली.

थांबतो. एक-दोन प्रश्न घेऊ.

*प्रश्न: सर, आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, फोटो आहेत, अॅपवर सगळ्या राईडची नोंद आहे. वेगळी वही कशाला?*

चांगला प्रश्न. तुमच्या ग्रुपवर तीन वर्षांपूर्वीच्या सहलीला दुपारी जेवायला कुठं थांबलात, ते आत्ता शोधून दाखवा. सापडणार नाही, कारण मधे दहा हजार 'शुभ सकाळ' आहेत. फोन बदलला की फोटो जातात, कंपनीनं नियम बदलला की नोंद जाते. फोन वाईट नाही, जरूर वापरा. पण वर्षातून एकदा, सहल झाल्यावर आठ दिवसांत, चार जणांनी बसून दोन पानं लिहा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.

*प्रश्न: आमच्या गटात सगळे डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी. रोज कामाला सायकलनं जाणारा एकही नाही.*

हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, बरं वाटलं. वहीच्या पहिल्या पानावर हेच लिहा. आणि पुढच्या सहलीला तुमच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बरोबर घेऊन जा, दुरुस्तीसाठी म्हणून नाही, सभासद म्हणून. रस्त्याबद्दल त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.